पाम तेलाचं खोकं

शनिवारी दुपारी दुकान नुकतंच उघडलं होतं. बटाट्यांचं पोतं आणायला एड्विन होल्डस्वर्थ मागच्या कोठीत गेला, आणि सकाळी त्यानेच रिकामं करून कोपऱ्यात भिरकावलेल्या खोक्यावर त्याची नजर पडली. खोक्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : 'पाम तेल. शंभर टक्के वनस्पतिजन्य.' वाचता न येणाऱ्याचाही गैरसमज राहू नये म्हणून शेजारी पामचं झाडही काढलेलं होतं.

एड्विनने चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. झाड जागच्या जागीच होतं.

सकाळी चष्मा कपाळावर होता. खोक्यातल्या कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या लाद्या त्याने सवयीने एकामागून एक सोडल्या आणि मोठ्या कढईत टाकल्या. आता ती कढई तापून सळसळत होती, तिच्यात हॅडॉक माशाचे तुकडे तरंगत होते, आणि दुकानाच्या काचेवर त्याची बायको नोरीन हिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'आमच्याकडे सर्व काही गुरांच्या शुद्ध चरबीतच तळले जाते.'

क्रॅगथॉर्प गावात होल्डस्वर्थांचं तळलेल्या माशांचं दुकान एड्विनच्या वडिलांपासूनचं. काळजी करणं हा एड्विनचा पिढीजात धंदा होता; मासे तळणं हा जोडधंदा. आणि चरबीने त्याला काळजीला कधी कमी पडू दिलं नव्हतं. त्याच्या लहानपणी चरबी म्हणजे चरबी, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मग डॉक्टर लोक सांगू लागले की ती विष आहे. गिऱ्हाइकं बटाट्याचे तळलेले काप घेताना मान खाली घालू लागली, दवाखान्यातली नर्स रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. तेल बदलावं की दुकान, या विचारात एड्विनने कित्येक वर्षं काढली. आणि तो बदलायला निघाला, तेवढ्यात वारं फिरलं. कुठून कुठून पाठपिशव्या अडकवलेली सडसडीत माणसं येऊ लागली आणि चरबी कुठली, कोणत्या गुरांची, गवतावर वाढलेल्या की दाण्यावर, असं आदराने विचारू लागली. नोरीनने लगेच पाटी रंगवली. एड्विनला मात्र हेही काळजीचंच वाटलं, कारण जे लोक एवढ्या प्रेमाने येतात ते तेवढ्याच रागाने जातात.

आज असेच लोक येणार होते. दरीपलीकडच्या गावातलं एक पायी भटकणाऱ्यांचं मंडळ होतं. त्यातल्या प्रत्येकाचा आहार वेगळा, पण चरबीवरची श्रद्धा एक. डोंगर उतरून ते थेट एड्विनच्या दुकानात जेवणार होते.

एड्विनने आधी घाऊक पुरवठादाराला फोन लावला. शनिवार असल्याने यंत्राने निरोप ठेवायला सांगितलं. निरोप ठेवताना त्याचा आवाज इतका कापत होता, की यंत्राने त्याला मध्येच तोडलं. मग त्याने स्कारबरोला बहिणीकडे गेलेल्या नोरीनला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"खोक्याचं काय घेऊन बसलास?" नोरीन म्हणाली. "कढईवर वाकून वास घे की. पाम का चरबी, तुला झोपेत कळतं."

इथे खरी पंचाईत होती. गेल्या हिवाळ्यात आलेल्या तापानंतर एड्विनचं नाक गेलं होतं. दिसायला होतं तसंच, लांबट आणि लालसर. पण वास म्हणून काही येत नव्हता, आणि चवीचंही तेच. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. नोरीनला तर नाहीच. तिने लगेच त्याला दवाखान्यात नेलं असतं, दवाखान्यातून गावभर झालं असतं, आणि नाक नसलेल्या माणसाने तळलेला मासा कोण खाणार? तेव्हापासून तो घड्याळाकडे आणि रंगाकडे बघून तळत होता, आणि नोरीनने रस्सा कसा झालाय विचारलं की "छान" म्हणत होता.

"घेतला वास," एड्विन म्हणाला.

"मग?"

"पामच आहे."

तोंडातून शब्द गेला आणि प्रकरण पक्कं झालं. आता निव्वळ खोकं नव्हे, होल्डस्वर्थांचं नाकही साक्षीला उभं होतं. नोरीन म्हणाली की मग दुकान बंद कर, नाही तर लोकांना सरळ सांग. बंद करतो म्हणून एड्विन बाहेर आला, तर मंडळी दारात येऊन ठेपली होती आणि त्यांच्या मागे गावातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

सर्वांत पुढे बर्नार्ड सटक्लिफ. हा निवृत्त बसचालक. दोन वर्षांपासून केवळ मांस, अंडी आणि चरबी खाऊन राहत होता. त्याच्या मागे इमोजेन, गणिताची शिक्षिका. ती किटोवाली : पिठाला आणि बटाट्याला हात लावायचा नाही, स्निग्ध मात्र पोटभर खायचं. तिच्या मागे ट्रिस्टन नावाचा पातळ तळव्यांचे बूट घातलेला तरुण, जो आदिमानवाने खाल्लं असेल तेवढंच खायचा. बाकीच्यांनी या तिघांपैकी कोणा ना कोणाची दीक्षा घेतलेली.

"मालक, आज सकाळपासून काही खाल्लं नाही," बर्नार्ड म्हणाला. "खास तुमच्याकडे यायचं म्हणून."

एड्विन म्हणाला की आज हॅडॉक जरा बारीक आलाय. बर्नार्डला चालत होतं. एड्विन म्हणाला की पलीकडे पुलाजवळच्या हॉटेलात भाजलेलं मांस फार चांगलं मिळतं. त्यावर इमोजेनने त्याच्याकडे कौतुकाने बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं की बघा, आजच्या काळात स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार. मग एड्विनने उकडलेली अंडी देऊ केली. बर्नार्डने ती मासा होईपर्यंत खायला मागून घेतली.

"तुम्हाला... समजा, कधी चुकून दुसरं तेल पोटात गेलं, तर काही होतं का?" एड्विनने अंडी सोलता सोलता शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"होतं का म्हणून काय विचारता?" बर्नार्ड गंभीर झाला. "मागे लग्नात एक चमचाभर सॅलड खाल्लं. त्याच्यावर सूर्यफुलाचं तेल होतं, मला कोणी सांगितलं नाही. दोन्ही गुडघे जाम. तीन दिवस जिना उतरलो नाही. वरच्या मजल्यावर नुसता बसून."

एड्विनच्या हातातलं अंडं घरंगळलं.

सांगून टाकायचं म्हणून त्याने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ट्रिस्टन बोलत होता. आदिमानवाने बटाटा खाल्ला असेल की नाही यावर त्याचा आणि इमोजेनचा वाद जुंपला होता. चरबीत तळला तर बटाट्याचं पाप अर्धं होतं असं ट्रिस्टनचं म्हणणं, आणि चरबी मुळात किटोवाल्यांनी जगापुढे आणली, गुहावाल्यांनी ती उगाच आपल्या नावावर करू नये असं इमोजेनचं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा रांगेतून कोणीतरी ओरडलं की एड्विन, आता उरक, माझी गाडी चुकीच्या जागी लावलीय. आणि एड्विनने तेच केलं जे भित्रा माणूस नेहमी करतो. तो उरकू लागला.

बर्नार्डला पिठाशिवाय नुसता मासा हवा होता, आणि वरून कढईतली चरबी पळीभर ओतून. पळी त्याच्या बशीवर नेताना एड्विनचा हात इतका थरथरला, की एका पळीच्या जागी दोन पडल्या. बर्नार्ड म्हणाला, असं मन पाहिजे माणसाचं.

मंडळी बाहेर बाकांवर बसून जेवू लागली. काचेतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. इमोजेन म्हणत होती की तिला एका घासात ओळखू येतं. बियांचं तेल असलं की घशाशी खरखरतं, आणि हे बघा कसं रेशमासारखं उतरतंय. ट्रिस्टनने डोळे मिटले होते. या वासाने आपल्या आत काहीतरी फार जुनं जागं होतं असं तो सांगत होता. एड्विन ऐकत होता, पण बघत होता ते फक्त बर्नार्डच्या गुडघ्यांकडे. बर्नार्डने पाय लांब केला की एड्विन श्वास रोखून धरायचा. बर्नार्डने पाय जवळ घेतला की तो श्वास सोडायचा. या नादात हॅडॉकचा एक अख्खा घाणा करपून काळा झाला, आणि करपल्याचा वास एड्विन सोडून सगळ्यांना आला.

तेवढ्यात दारात हॅरल्ड पिकल्स उभा राहिला, आणि त्याच्या मागे, उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीप्रमाणे त्याची बायको म्युरिएल.

पिकल्सबाई गावातल्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षांपासून शाकाहारी. क्रॅगथॉर्पच्या शाकाहारी संघाच्या त्या अध्यक्ष होत्या. संघात आणखी दोघी होत्या. दर शनिवारी हॅरल्ड मासा आणि काप घ्यायचा, आणि बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून डबीतलं काकडीचं सॅण्डविच खायच्या. आत कधी आल्या नाहीत. त्यांनी तक्रारही कधी केली नाही. फक्त वारा दुकानाकडून रस्त्याकडे वाहत असला, की त्या जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या.

एड्विनच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. एवढ्या लोकांना आज आपण फसवलंय. पण या संपूर्ण गावात एक माणूस असं आहे, की ज्याच्यासाठी ही चूक म्हणजे पर्वणी आहे. निदान एक तरी पुण्य पदरात पडू दे.

त्याने हॅरल्डला गल्ल्यावर उभं केलं, पिकल्सबाईंना मागच्या दाराने कोठीत बोलावलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. खोकं दाखवलं. झाडावर बोट ठेवलं.

पिकल्सबाई बराच वेळ झाडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातमोजे काढले.

एड्विनने माशाला अजून हात न लागलेल्या छोट्या कढईत ताजे काप तळले. तीही सकाळी त्याच लाद्यांनी भरली होती. मीठ आणि व्हिनेगर मारून त्याने कागद बाईंच्या हातात दिला. बाई पोत्यावर बसल्या. पहिला काप त्यांनी तोंडात घातला आणि त्यांचं चघळणं थांबलं.

"एड्विन," त्या हळूच म्हणाल्या, "हे पाम तेल आहे, अगदी नक्की?"

"नक्की. मी स्वतः वास घेतलाय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय ना, मग पामच," असं म्हणून त्यांनी दुसरा काप उचलला. सगळे काप संपले, कागदाच्या घडीत अडकलेला चुरा संपला, आणि शेवटी बोटं चाटून बाईंनी हातमोजे घातले. हॅरल्डला घेऊन घरी निघताना त्यांचे डोळे पाणावले होते. आयुष्यात इतकं सरळ पुण्य आपल्या हातून कधी घडलं नव्हतं, असं एड्विनला वाटलं.

पण त्या पुण्याने उलटंच झालं. एकाला खरं सांगितल्यावर बाकीच्यांशी खोटं वागणं त्याला जमेना. तो ॲप्रनला हात पुसत बाहेर गेला, बाकांसमोर उभा राहिला, आणि आजची कढई चरबीची नसून पामची आहे, असं एका दमात सांगून मोकळा झाला.

मग इमोजेनने घशाला हात लावला आणि खाकरली. पुन्हा खाकरली. तिने सांगितलं की तिला मघापासून काहीतरी वाटत होतं, पण ती बोलली नाही. ट्रिस्टन तोंडावर हात धरून भिंतीच्या आड ओकायला गेला. बर्नार्डचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि परत बाकावर बसला.

"गेले," तो म्हणाला.

"कोण?" एड्विनने विचारलं.

"गुडघे."

दोघांनी दोन बाजूंनी धरून बर्नार्डला आत आणलं आणि बटाट्याच्या पोत्यांवर आडवं केलं. त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. वाकवायला गेलं की तो विव्हळायचा. परतीची बस तासाभरात होती, आणि बस थांबते तिथपर्यंत चढ होता. नुसत्या दोन पळ्यांनी आपण एका चालत्या माणसाला अधू केलं, या विचाराने एड्विनला दरदरून घाम फुटला. त्याने गरम पाण्याची पिशवी आणली, बर्फ आणला, काय लावायचं ते न कळून एका गुडघ्यावर हे आणि दुसऱ्यावर ते ठेवलं. मंडळातले लोक बाहेर उभे राहून काचेवरची पाटी मोठ्याने वाचत होते. रांगेतले गावकरी काय झालं म्हणून विचारत होते, आणि त्यांना जे कळत होतं ते माणसागणिक वाढत होतं. माशातून विषबाधा झाली इथपर्यंत ते पोचलं, तेव्हा फोन वाजला.

पुरवठादाराचा गाडीवाला क्लाइव्ह बोलत होता. तुमचा निरोप आत्ता ऐकला, म्हणाला, पण नीटसं कळलं नाही, तुम्ही रडत होतात का?

एड्विनने पाम तेलाचं सांगितलं.

"छे, पाम कसलं? चरबीच ती," क्लाइव्ह म्हणाला. "पावसाने खोकं भिजून फाटलं माझं, म्हणून लाद्या पामच्या रिकाम्या खोक्यात भरल्या. तुम्हाला म्हटलं काय सांगायचं, वासानेच कळणार. कळलं नाही?"

"कळलं," एड्विन म्हणाला. "म्हणजे, कळलंच होतं."

फोन ठेवून तो धावत पोत्यांपाशी गेला आणि बर्नार्डला सांगितलं की ती अस्सल चरबी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बर्नार्डने ते दोनदा वदवून घेतलं. मग त्याने डावा पाय जरासा वाकवून बघितला. मग उजवा. मग तो उठून उभा राहिला, कोठीत एक फेरी मारली आणि म्हणाला की अस्सल चरबीची हीच तर गंमत आहे, आजार आला तरी टिकू देत नाही. बाहेर इमोजेनचा घसाही सुटला. तिने सगळ्यांना आठवण करून दिली की ती पहिल्या घासापासून हेच सांगत होती. ट्रिस्टन भिंतीआडून आला आणि त्याने आणखी एक मासा मागितला. मंडळी परतीच्या बसकडे निघाली, तेव्हा बर्नार्ड तर चढावर सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो हात हलवत होता.

एड्विनने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढची रांग संपवली. दुपारच्या सुट्टीसाठी दार लावलं, कढईखालचा गॅस बंद केला, स्टुलावर बसला. आणि तिथे, सगळं शांत झाल्यावर, त्याला पिकल्सबाई आठवल्या.

तीस वर्षं. संघाच्या अध्यक्ष. आणि त्यांना आपण मागच्या दाराने बोलावून, झाडावर बोट ठेवून, आग्रहाने गुरांची चरबी खाऊ घातली. कागदाची घडीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती.

न सांगावं तर रात्री झोप येणार नाही, हे तो स्वतःला ओळखून होता. सांगावं तर त्या बाईंची झोप जाईल, कदाचित कायमची. टेकडीवरच्या त्यांच्या घरापर्यंत जाताना त्याने दोनदा पाय मागे घेतला. एकदा तर तो पोस्टाच्या पेटीशी उभा राहिला आणि चिठ्ठी टाकून पळून जावं का, याचा विचार करू लागला.

पिकल्सबाई बागेत वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होत्या. हॅरल्ड घराच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता.

"पिकल्सबाई," एड्विन फाटकापाशीच उभा राहून म्हणाला, "मला तुम्हाला काहीतरी वाईट सांगायचंय. आणि त्याच्या आधी आणखी एक सांगायचंय. माझं नाक गेलंय. हिवाळ्यापासून. मला कसलाच वास येत नाही, चव कळत नाही. मी तुम्हाला जे सांगितलं ना, की मी स्वतः वास घेतलाय..."

महिनोन् महिने कोणापाशी न बोललेली गोष्ट अशी वाटाण्याच्या वेलांसमोर बाहेर पडली होती.

बाईंनी हातातली काठी खाली ठेवली. हॅरल्डकडे एक नजर टाकली आणि त्या फाटकाजवळ आल्या. आवाज अगदी खालचा केला.

"माझे वडील खाटीक होते, एड्विन. दर शुक्रवारी आमच्या मागच्या अंगणात चरबी कढवायचे. माझी वेणी धुतली तरी तो वास जायचा नाही. तुम्हाला वाटतं, मला पाम आणि चरबीतला फरक कळत नाही?"

एड्विनने विचारलं, "मग तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्या घासाला."

"आणि थांबला नाहीत?"

"थांबणार होते," पिकल्सबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, नक्की पाम. आता दुकानाचा मालक स्वतः शपथेवर सांगतोय म्हटल्यावर मी काय करणार?"

त्या हसल्या नाहीत, पण त्यांच्या गालांवर दुपारचा रंग अजून होता. नोरीनला नाकाचं आजच्या आज सांगा, त्या म्हणाल्या. माणसाने असलं एकट्याने ओढत बसू नये. एड्विनने मान हलवली, आणि गाडीवाल्याचं खोकं पावसाने फाटल्यामुळे लाद्या पामच्या खोक्यात आल्या, हेही सांगून टाकलं. आणि चरबीचं काय, असं त्याने विचारलं, म्हणजे ते कोणाला सांगायचं की नाही.

"कसली चरबी?" बाई म्हणाल्या. "मी पाम तेलातले काप खाल्ले."

एड्विन वळला. पावलं इतकी हलकी झाली होती, की आता नवीन कसली काळजी करावी हे त्याला पटकन आठवेना. तो रस्त्याला लागतो न लागतो तोच मागून फाटक करकरलं. पिकल्सबाई तिथे उभ्या होत्या. त्यांनी एकदा पायरीकडे बघितलं. हॅरल्डचं तोंड वर्तमानपत्राआड होतं.

"एड्विन," त्या हळूच म्हणाल्या, "पाऊस तर काय, आपल्याकडे नेहमीचाच. पुन्हा कधी त्या गाडीवाल्याचं खोकं फाटलं, तर मला बोलवायला विसरू नका."